कुंदनची खोली आणि गोष्टीचा शेवट

मृत्युपत्र करून ठेवणार : श्रीमती गोदूबाई काशिराम तांडेल, धंदा मासळीविक्री, राहणार कोळीवाडा, पनवेल, जिल्हा रायगड. वय कागदोपत्री अठ्ठ्याहत्तर. खरे वय ज्यांना ठाऊक होते ते सगळे वर गेले.

मी, वर लिहिलेली गोदूबाई, पोटभर जेवून, शुद्धीत राहून आणि कुणाच्या दमदाटीला न भिता माझ्या मागे काय व्हावे ते सांगत आहे. मला अक्षर येत नाही. मी बोलते आणि ॲडव्होकेट समृद्धी ठाकूर लिहून घेतात. ही पोरगी लहानपणी माझ्याकडून बोंबील न्यायला यायची, आता कोर्टात जाते. अट अशी की मी बोलेन ते सगळे लिहायचे. ती म्हणाली, "आजी, मृत्युपत्रात असं नाही लिहीत." मी म्हटले, "मंग तू तुज्यात नको लिवू."

माझे डोके ठिकाणावर आहे की नाही हे बघायला सकाळी डॉक्टर येऊन गेले. त्यांनी विचारले, आज वार कोणता. मी म्हटले, "तुमी आज मासली मागितली नाय, म्हंजे गुरवार." त्यांनी दाखला दिला. तो सोबत जोडला आहे.

कलम १. सन २००४ साली मी एक मृत्युपत्र केले होते. त्यात लिहिले होते की पुढची खोली माझा धाकटा मुलगा कुंदन परत आल्यावर त्याला द्यावी, आणि तो येईपर्यंत तिला कुलूप असावे. ते मृत्युपत्र मी आज रद्द करते. ते का केले आणि का मोडते हे पुढे येईल. मधेच विचारू नये.

कलम २. किरकोळ आधी उरकते.

बाजारातला माझा बसायचा ओटा माझी सून रमा हिला. ती माझ्या धाकट्याची, कुंदनची बायको. ओट्याबरोबर लाकडी ठोकळा, दोन्ही कोयते आणि बर्फाची पेटी तिचीच. मोठा कोयता उजव्या हाताला ओढतो, ते तिला माहीत आहे. गिऱ्हाईक मात्र मी देऊ शकत नाही. ते तिने भांडून टिकवावे. ती भांडत नाही, हाच तिचा मोठा दोष.

कानातल्या कुड्या रमाच्या मुलीला, माझी नात प्रांजल हिला. मोहनमाळ रमाला. लुगडी कमळाबाईला द्यावीत. ती माझ्या शेजारच्या ओट्यावर बसते आणि जन्मभर त्यांच्याकडे बघत आली आहे. हिरवे लुगडे देऊ नये. ते तिने सन १९८८ मध्ये होळीला मागितले होते आणि मी नाही म्हटले होते. माझा शब्द मी मेल्यावरही मोडणार नाही.

थोरला मुलगा जगन द्रोणागिरीला गोदामात नोकरीला आहे, तिकडेच त्याचे घर आहे. बँकेत माझ्या नावावर जे निघेल ते त्याला. घरात त्याला वाटा नाही. तो त्याने माझ्या जिवंतपणीच मागितला, आणि कसा मागितला तेही पुढे येईल.

कलम ३. आता मला मूळ गोष्टीकडे यायचे आहे आणि मी गेली दहा मिनिटे लुगड्यांत घोळते आहे, हे समृद्धीच्या लक्षात आले आहे. ती काही बोलत नाही. चांगली वकील होईल.

आमच्या घरात एक रीत होती. इतर कोळ्यांत असेल-नसेल, मला ठाऊक नाही. माझी सासू सखूबाई हिने ती तिच्या माहेराहून आणली. घरची बोट बाहेर असताना पोरांना गोष्ट सांगावी, पण शेवट सांगू नये. बोट लागली, माणूस पाय धुऊन आत आला, की मग शेवट सांगायचा. गोष्ट संपली तर फेरीही संपली असे दर्याला वाटेल, म्हणून.

त्यामुळे माझी पोरे बापाची वाट बघायची नाहीत, शेवटाची बघायची. काशिराम दारात आला की कुंदन ओरडायचा, "बाबा आला! आये, मंग त्या खेकड्याचा काय झाला?" काशिराम बिचारा ओल्या अंगाने उभा, आणि आम्ही खेकड्याचे काय झाले ते सांगतोय.

कुंदन सन १९९६ च्या दिवाळीनंतर करंज्याच्या बंदरातून बोटीवर गेला. वादळ नव्हते. वारासुद्धा नव्हता असे लोक म्हणतात. बोट आली नाही. बाकीच्यांच्या घरी कुणाचे काय, कुणाचे काय किनाऱ्याला लागले. आमच्याकडे काहीच नाही. काशिरामने दोन वर्षे वाट बघितली. मग त्याला ते जमले नाही, तोही गेला.

कुंदन गेला त्या संध्याकाळी मी प्रांजलला एक गोष्ट सांगत होते. ती तेव्हा आठ वर्षांची. गोष्ट अर्धी झाली होती. रीतीप्रमाणे मी थांबले. आणि मग थांबलेच. नंतरही मी तिला पुष्कळ गोष्टी सांगितल्या, कारण बाप नसलेल्या पोराला झोपवायला दुसरे काय असते. पण बोट बाहेर होती. एकाही गोष्टीचा शेवट या घरात सांगितला गेला नाही.

पुढच्या खोलीला कुलूप राहिले. रमाच्या कपाळाला कुंकू आणि हातात हिरवा चुडा राहिला. हळदीकुंकवाला तिला बोलवायचे की नाही हे बायकांना कळायचे नाही, म्हणून त्या तिच्याकडे न बघता बोलवायच्या आणि ती न बोलता घरी राहायची. सात वर्षे झाली तेव्हा जगन आला. म्हणाला, "आये, कायद्यान आता त्याला मेला म्हनता येतो. कागद करू, खोली मोकली करू, ऱ्हायला ठेवू कोनाला." भावाचे नाव त्याने एकदाही घेतले नाही. मी त्याला जेवायला वाढले आणि दुसऱ्या दिवशी वकिलाकडे जाऊन ते पहिले मृत्युपत्र केले. रागाने केलेल्या कागदाला शिक्का चांगला उमटतो.

कलम ४. माझी नात प्रांजल खारघरच्या कॉलेजात शिकवते आणि एक कादंबरी लिहिते. कादंबरी कुंदनवर आहे. नावे बदलली आहेत, पण कोळीवाडा आंधळा नाही.

दुपारी बाजार उरकून मी सुकटी निवडत बसले की ती मला वाचून दाखवायची. सुट्टीच्या दिवशी दोन-दोन प्रकरणे. मला सगळे आवडले असे नाही. एका ठिकाणी तिने लिहिले होते की म्हातारीच्या डोळ्यांत समुद्र होता. मी म्हटले, "डोल्यांत मोतीबिंदू होता, खोपोलीला काढला." तिने ते काढून टाकले. पण पुस्तक चांगले होते. कुंदन त्यात चालायचा, चिडायचा, कोलंबी सोलताना गाणे म्हणायचा. रमा आत भांडी घासत असायची. वाचन सुरू झाले की भांड्यांचा आवाज बंद व्हायचा.

मग शेवट आला. तिने पहिला शेवट असा लिहिला की मुलगा परत येतो. दारात उभा राहून म्हणतो, "आई, तू कशी आहेस?" माझ्या हातातली सुकट खाली पडली, हसून. मी म्हटले, "हा माजा पोर नाय, हा कोन तरी मता मागनारा हाय. माजा पोर इतक्या वर्सांनी आला तरी आदी विचारील, जेवायला काय हाय." प्रांजलही हसली. पण पुण्याच्या प्रकाशकांनीही तेच कळवले, जरा शिकलेल्या भाषेत. शेवट पटत नाही, म्हणाले.

दुसरा शेवट तिने असा केला की म्हातारी दार उघडे ठेवून बसते आणि पुस्तक संपते. मी म्हटले, "दार उगडा ठेवलास तर मांजर येल." प्रकाशकांनी लिहिले, विचार करा, घाई नाही. घाई नाही म्हणणारा माणूस फार वाईट.

त्यानंतर दोन वर्षे तिने एक ओळ लिहिली नाही. खोटे सांगत नाही, लिहायची आणि पुसायची. लॅपटॉप उघडून बसायची, दोन-चार वेळा टकटक, मग एकच बटण बराच वेळ दाबलेले. ते पुसायचे बटण, हे न शिकलेल्यालाही आवाजावरून कळते. मग तिने बसणेही सोडले. जेवेनाशी झाली. कॉलेजातून आली की भिंतीकडे तोंड करून पडायची. प्रकाशकांचा फोन आला की मोरीत जायची. प्रकाशक गेला तर दुसरा मिळतो. मला भीती ही पडली की पोरगी जाते. ती माझ्यासमोर होती आणि किनाऱ्याला लागत नव्हती.

मी थट्टा करून बघितली. माझे तेच एक औषध आहे. श्रावणात एका संध्याकाळी मी मांदेली साफ करत होते. म्हटले, "काय गो, एवडा मोटा पुस्तक लिवलास नि शेपटीला अडकलीस?"

ती उठून बसली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरे झाले असते. म्हणाली, "आजी, मला शेवट येतच नाही. मला कुणी शिकवलाच नाही. तू सांगितलेली एक गोष्ट दाखव, जिचा शेवट मला माहीत आहे."

माझ्या तोंडून सवयीने गेले, "बोट भायेर हाय, पोरी."

रमा शेगडीपाशी होती. ती माझ्या घरात आली तेव्हापासून तिने मला कधी उलटून उत्तर दिले नव्हते. तिने तवा खाली ठेवला, गॅस बंद केला, आणि म्हणाली, "आत्या, बोट भायेर नाय. बोट नाय."

एवढेच. मग तिने गॅस पुन्हा पेटवला.

मी राहिलेली मांदेली साफ केली. साफ केल्याशिवाय ठेवता येत नाहीत, वास मारतो.

कलम ५. समृद्धी, आता नीट लिही.

माझा मुलगा कुंदन काशिराम तांडेल मयत आहे.

ती थांबली आहे. लिही पोरी. मी म्हटलेय ते.

हे मी जगनच्या कायद्याने म्हणत नाही. मी त्याची आई म्हणून म्हणते. कोर्टातून जो दाखला काढावा लागतो तो रमाने काढावा, समृद्धीने तिला मदत करावी, आणि त्या कामाची फी समृद्धीने मासळीत घ्यावी.

सर्वपित्री अमावास्येला खाडीकाठच्या स्मशानात आम्ही त्याचे केले. अंग मिळाले नाही तर पळसाच्या पानांचा पुतळा करतात, डोक्याच्या जागी नारळ ठेवतात. भटजींनी जगनला नारळ आणायला सांगितले. मी म्हटले, नारळ मी आणीन. बाजारात तीन दुकाने फिरले. जन्मभर नारळी पुनवेला दर्यासाठी नारळ निवडला, तसाच निवडला. कानाशी धरून हलवला. आत पाणी वाजले. दुकानदार म्हणाला, "आजी, गोड निघेल." मी म्हटले, "निघूदे."

पुतळा लहान झाला. कुंदन उंच होता. मी भटजींना म्हटले, "जरा लांब करा." त्यांनी आणखी पाने लावली. जगन म्हणाला, अग्नी मी देतो, पोरीने द्यायची रीत नाही. मी म्हटले, "रीत मला नको शिकवू. मी रीत पालली, बघ काय झाला ते." अग्नी प्रांजलने दिला. जगन बाजूला जाऊन रडला, अगदी लहानपणी रडायचा तसा, नाकातून आवाज काढत. म्हणून बँकेतले त्याला. आधी तेही देणार नव्हते.

रमाने चुडा उतरवावा की ठेवावा, कुंकू लावावे की नाही, हे तिचे तिने ठरवायचे आहे. या बाबतीत कोळीवाड्यातली जी बाई तोंड उघडेल तिला माझ्या मयताला येऊ देऊ नये.

मी कुणाची माफी मागत नाही. या कागदात द्यायचे असते, मागायचे नसते.

कलम ६. घर, म्हणजे पुढची खोली, मधले घर, माळा आणि मागचे अंगण, रमाला तिच्या हयातीपर्यंत आणि तिच्या पश्चात प्रांजलला. पुढच्या खोलीचे कुलूप मी अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी काढले. किल्ली चालली नाही. शेजारून करवत आणावी लागली. आत काही नव्हते. एक कोनाडा, त्यात दाढीचा डबा, गंजलेला. मला वाटले होते काहीतरी असेल. ती खोली प्रांजलने लिहायला वापरावी. रमाने तिथे सुकट ठेवू नये.

कलम ७. गोष्टीचा शेवट मी प्रांजलला देते. कुंदन गेला त्या संध्याकाळची गोष्ट. अर्धी तिला ठाऊक आहे, तरी सगळी लिहून घ्या, नाहीतर पुढे वाटणीवरून भांडणे होतात.

एक मुलगी असते. तिचा बाप होडी घेऊन निघतो. ती होडीला एक दोरी बांधते आणि दुसरे टोक हातात धरून किनाऱ्यावर बसते. होडी पुढे जाते, दोरी सुटत जाते. मुलगी घरातली सगळी दोरी आणून जोडते. मग जाळ्याची उसवून जोडते. मग शेजाऱ्यांच्या जाळ्यांची. इथे मी थांबले होते.

पुढे असे होते की दोरी सैल पडते. मुलगी ओढते. ओढत राहते. दोरी सगळी परत येते आणि टोकाला काही नसते. मुलगी ती दोरी गुंडाळते, कारण दोरी चांगली असते. शेजाऱ्यांची शेजाऱ्यांना देते. आपली राहते तिचे जाळे विणते. संपली.

एवढाच शेवट आहे. मी त्यात काही घातलेले नाही, सखूबाईने असाच सांगितला होता. प्रांजल, तू याची वाट बघत लहानाची मोठी झालीस. फार मोठा नव्हता, मला ठाऊक आहे. म्हणूनच कदाचित सांगवला नाही.

हा तिला तोंडीही सांगितला आहे, अमावास्येच्या रात्री जेवताना. तिने दुसरी पोळी घेतली.

कलम ८. कादंबरीबाबत. तिच्यातली म्हातारी मीच आहे असे लोक म्हणतील. म्हणूदेत. मी किंवा माझे वारस त्यावर हक्क सांगणार नाहीत. म्हातारीला गोड करू नये. तिने सुनेला काय करायला लावले ते लिहावे. कुंदन बुडाला असे लिहायचे असेल तर लिहावे, कसा बुडाला तेही लिहावे. मी रोज नव्याने बघत आले आहे. तिने एकदा लिहिले तर बिघडत नाही.

पंधरा दिवसांपासून पुढच्या खोलीत टकटक ऐकू येते. पुसायचे बटण मधूनमधून वाजते, पण थोडेच. ती मला वाचून दाखवत नाही. इतकी वर्षे प्रत्येक पान मला वाचून दाखवले, हे नाही. परवा मी चहा घेऊन गेले तर तिने लॅपटॉपचे झाकण अर्धे मिटले. मला वाचता येत नाही हे ती विसरली. मी चहा ठेवून बाहेर आले.

तो शेवट मी मागणार नाही. तो तिचा आहे. आधी मी मेले तर दहाव्याला तो वाचू नये. लोकांचे लक्ष कावळ्याकडे असते.

पुस्तक निघाले तर पहिली प्रत रमाला द्यावी. ती चौथी शिकली आहे. सावकाश वाचील, पण वाचील.

कलम ९. माझे मयत साधे करावे. माझे अंग आहे, ते आहे याचा आनंद मानावा. पुतळा करावा लागणार नाही. या मृत्युपत्राची अंमलबजावणी समृद्धी ठाकूर यांनी करावी. बदल करायचा झाला तर मी करीन, माझ्याखेरीज कुणी नाही.

साक्षीदार :

१) कुलसुम अब्दुल्ला मुल्ला, बाजारपेठेत बांगड्यांचे दुकान. गोदूबाईंची जुनी मैत्रीण. रमाचा हिरवा चुडा दर वर्षी हिनेच भरला. सही करताना म्हणाली, "गोदू, या अल्ला, किती बोललीस." सही उर्दूत.

२) सखाराम पांडुरंग नाखवा, शेजारी. सही मराठीत.

स्थळ : पनवेल. दिनांक ९ ऑक्टोबर २०१४.

लिहून घेणाराचे निवेदन : मृत्युपत्र करणार निरक्षर असल्याने वरील मजकूर मी दोन्ही साक्षीदारांसमक्ष त्यांना पहिल्यापासून वाचून दाखवला. कलम ५ वाचताना त्यांनी मला थांबवले आणि 'मयत' हा शब्द कागदावर कुठे आहे ते विचारले. मी बोट ठेवून दाखवला. त्यांनी चष्मा नसताना खाली वाकून पाहिले, "येवडासाच?" असे विचारले आणि त्या शब्दावर काही वेळ तळहात ठेवला. साक्षीदार क्रमांक एक यांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. नंतर त्या "फुडं वाच" म्हणाल्या. उरलेला मजकूर ऐकून, समजून, बरोबर असल्याचे सांगून त्यांनी डाव्या हाताचा अंगठा दिला. मासळीच्या कामाने रेषा झिजल्यामुळे पहिला ठसा पुसट आला. दुसऱ्या वेळी त्यांनी जोर देऊन उमटवला.

ॲड. समृद्धी ठाकूर